सुबक अहवाल: समाजकार्य पदवीच्या क्षेत्रकार्यातील एक प्रकरण

पार्श्वभूमी

समाजकार्याच्या पदवी अभ्यासक्रमात क्षेत्रकार्याचे, म्हणजे संस्थेत जाऊन केलेल्या प्रत्यक्ष कामाचे, वजन वर्गातील तासिकांपेक्षा कमी नसते. ते किती तासांचे असावे, याबाबत देशोदेशी एकमत नाही: अमेरिकेत पदवीसाठी किमान ४०० तासांचे क्षेत्रकार्य बंधनकारक आहे, तर ऑस्ट्रेलियात हीच अट १,००० तासांची आहे. तास मोजणे सोपे असते. त्या तासांत विद्यार्थ्याने नेमके काय केले, हे मात्र मार्गदर्शकाला बहुतेक वेळा विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेल्या अहवालातूनच कळते. पुढील प्रकरण याच फटीतून उद्भवले.

हे प्रकरण पदवीच्या अंतिम वर्षातील एका विद्यार्थिनीचे आहे. तिला येथे 'र' म्हटले आहे. तिची, रुग्णाची आणि संस्थांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत; घेतलेले निर्णय आणि त्यांचा क्रम मात्र आहे तसाच ठेवला आहे. मी महाविद्यालयाच्या बाजूने तिचा क्षेत्रकार्य मार्गदर्शक होतो. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागातील एक ज्येष्ठ वैद्यकीय समाजकार्यकर्त्या संस्थेच्या बाजूने तिच्या मार्गदर्शक होत्या. यापुढे त्यांचा उल्लेख 'विभागातील मार्गदर्शक' असा केला आहे. र आठवड्यातून दोन दिवस रुग्णालयात जाई, तिसऱ्या दिवशी अहवाल लिहून माझ्याकडे देई आणि त्यावर आमची वैयक्तिक चर्चा होत असे.

अहवालाचा साचा नेहमीचा होता. डाव्या रकान्यात सेवार्थीशी, म्हणजे ज्याला मदत करायची त्या व्यक्तीशी, झालेला संवाद आठवेल तितका शब्दशः, मधल्या रकान्यात त्या त्या क्षणी विद्यार्थ्याच्या मनात आलेले विचार व भावना, आणि उजवा रकाना मार्गदर्शकाच्या शेऱ्यांसाठी मोकळा. याला आम्ही प्रक्रिया अहवाल म्हणतो. त्याशिवाय रुग्णाच्या विभागीय फाईलमध्ये प्रत्येक भेटीनंतर तीन-चार ओळींची नोंद करायची असते. या दोन लेखनांमधला फरक पुढे फार महत्त्वाचा ठरला. प्रक्रिया अहवाल शिकण्यासाठी असतो आणि तो मार्गदर्शकाखेरीज कोणी वाचत नाही. फाईलमधली नोंद वाचून मात्र इतर माणसे निर्णय घेतात.

र हिच्याकडे सोपवलेला रुग्ण ५४ वर्षांचा होता. मधुमेहामुळे पायाला झालेला संसर्ग आटोक्यात न आल्याने त्याचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला होता. त्याचे काम दिवसभर उभे राहून करण्याचे होते, ते सुटले होते. घरी पत्नी होती आणि सारी शुश्रूषा तिच्यावर होती. वॉर्डमध्ये दोन भेटी घेणे, घरी गेल्यावर पाठपुराव्याच्या भेटी देणे, जखमेची काळजी नीट घेतली जाते का हे पाहणे आणि कृत्रिम पाय बसवून घेण्याबाबत त्याच्या मनात काय आहे ते समजून घेणे, एवढे काम र हिला दिले होते.

अडचण कशी लक्षात आली

दहाव्या आठवड्यात विभागातील मार्गदर्शकांनी कृत्रिम पायाच्या मापाची तारीख ठरवण्यासाठी रुग्णाच्या घरी फोन केला. फोन पत्नीने घेतला. "कसलं माप?" तिने विचारले. "ते तर पायाकडे बघतसुद्धा नाहीत. ड्रेसिंग मी करायला गेले की तोंड फिरवतात, कधी करूच देत नाहीत." समाजसेवा विभागातून एक मुलगी आली होती ना, असे विचारल्यावर ती म्हणाली, "आल्या होत्या तीनदा. चांगली मुलगी आहे. पण हे तिच्याशी कुठे बोलले?"

फाईलमध्ये र हिने शेवटच्या भेटीनंतर लिहिलेली नोंद अशी होती: "रुग्ण कृत्रिम पायासाठी मनाने तयार आहे. घरी ड्रेसिंग नियमित होते." या दोन वाक्यांच्या आधारे विभागाने रुग्णाला दर आठवड्याच्या पाठपुराव्याच्या यादीतून काढून महिन्याच्या यादीत टाकले होते. वॉर्डमधील डॉक्टरांनी सुचवलेला मनोविकारतज्ज्ञांचा सल्लाही आता गरजेचा नाही, असे ठरले होते.

माझ्याकडे असलेला त्याच भेटीचा प्रक्रिया अहवाल चार पानांचा होता. त्यात ५० मिनिटांची भेट होती, रुग्णाने मांडलेली भीती होती, योग्य जागी मौन होते, आणि अखेरीस रुग्णाचे एक वाक्य होते: "तुम्ही ऐकून घेतलंत, म्हणून मला ठरवता आलं." त्या अहवालाला मी दहापैकी नऊ गुण दिले होते. फेलिक्स बिस्टेक यांनी १९५७ साली व्यक्तिसहाय्य कार्यातील (एकेका व्यक्तीला मदत करण्याच्या कामातील) नात्याची जी सात तत्त्वे मांडली, ती व्यक्तिगत वेगळेपणाच्या जाणिवेपासून गोपनीयतेपर्यंत सातही या एकाच भेटीत पाळली गेली होती. ते वाचताना मला शंका यायला हवी होती. मला कौतुक वाटले.

पहिला निर्णय: आधी रुग्ण

विभागातील मार्गदर्शकांनी मला फोन केला तेव्हा माझा पहिला प्रश्न र हिच्याविषयी होता. तिला लगेच बोलावून घ्यावे का, असे मी विचारले. त्यांनी मला थांबवले. "तुमची विद्यार्थिनी उद्याही भेटेल, सर. त्या माणसाला गेल्या चार आठवड्यांत कोणी पाहिलेलं नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वतः एका परिचारिकेसह घरी गेल्या. काढलेल्या पायाच्या जखमेची एक कड ओलसर होती, आणि त्याहून काळजीची गोष्ट म्हणजे दुसऱ्या पायाच्या टाचेवर नवी जखम सुरू झाली होती. रुग्ण त्यांच्याशी थोडे बोलला. आपण घरावर ओझे झालो आहोत आणि जगण्यात काही उरलेले नाही, असे त्याने दोनदा सांगितले. स्वतःला इजा करण्याचा विचार मनात येतो का, हे त्यांनी सरळ शब्दांत विचारले. तसा बेत नसल्याचे त्याने सांगितले; तरीही त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांची वेळ घेण्यात आली आणि पाठपुरावा पुन्हा दर आठवड्याचा झाला.

मागे वळून पाहता या प्रकरणातला सर्वांत बिनचूक निर्णय हाच होता आणि तो माझा नव्हता. समाजकार्य शिकवणाऱ्या माणसाला विद्यार्थी हाच आपला सेवार्थी वाटू लागतो, आणि खरा सेवार्थी एखाद्या उदाहरणासारखा मागे पडतो. रुग्णालयात समाजसेवा विभाग असण्यामागचे कारणच मुळात याच्या उलट आहे. १९०५ साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. रिचर्ड कॅबट यांनी अशी सेवा सुरू केली, ती रुग्णाचे घर डॉक्टरांना दिसत नाही आणि ते दिसल्याशिवाय केलेले उपचार वाया जातात म्हणून. घरी गेलेल्या माणसाने जे दिसले नाही ते दिसले असे लिहिले, तर विभाग असून नसल्यासारखाच होतो.

विद्यार्थिनीशी बोलणे

दुसरा निर्णय र हिला काय आणि कसे विचारायचे, याचा होता. तिच्यासमोर अहवाल आणि पत्नीचे म्हणणे शेजारी शेजारी ठेवून खुलासा मागणे हा एक मार्ग होता. त्यात स्पष्टता होती, पण विद्यार्थी अशा वेळी बचावाची वाक्ये शोधतो आणि आपल्याला फक्त तीच ऐकायला मिळतात, हा अनुभव होता. म्हणून विभागातील मार्गदर्शक आणि मी दोघांनी मिळून तिला बोलावले, रुग्णाची सध्याची स्थिती आधी सांगितली, घरच्यांशी बोलणे झाले आहे हेही लपवले नाही, आणि मग एवढेच म्हटले: "दुसऱ्या घरभेटीत तू दारापर्यंत पोहोचलीस, तिथपासून परत निघेपर्यंत काय काय झालं ते सांग. अहवाल बाजूला ठेव."

ती बराच वेळ गप्प राहिली. मग तिने क्रमाने सांगितले. पहिल्या घरभेटीत रुग्ण भिंतीकडे तोंड करून पडून होता. पत्नी बोलली, ती पंधरा मिनिटांत निघाली. दुसऱ्या भेटीत पत्नीने दारातच "सगळं ठीक आहे, ते झोपलेत" असे सांगितले आणि ती परत फिरली. तिसऱ्या भेटीत रुग्ण खुर्चीत बसला होता. त्याने विचारले, "तुम्ही कशाला येता?" तिला उत्तर सुचले नाही. "सहजच," असे ती म्हणाली आणि दहा मिनिटांनी उठली. फाईलमधली दोन वाक्ये तिने पत्नीच्या "सगळं ठीक आहे" या तीन शब्दांवरून लिहिली होती.

अहवाल असा का लिहिला, हे मी विचारले. तिचे उत्तर मी त्याच संध्याकाळी उतरवून ठेवले. "सर, वॉर्डमधल्या पहिल्या भेटीचा अहवाल मी खरा लिहिला होता. ते भिंतीकडे तोंड करून होते, मी आठ मिनिटं बसले आणि निघाले, असंच लिहिलं होतं. तुम्ही त्यावर लिहिलंत, 'मौनाचा उपयोग करून घेता आला असता. संवादाचा अभाव.' आणि दहापैकी चार गुण दिलेत. पुढच्या वेळी मी जे बोलणं व्हायला हवं होतं ते लिहिलं. तेव्हा सात मिळाले."

मी नंतर तिचे पाचही अहवाल काढून पाहिले. गुणांचा क्रम चार, सात, आठ, आठ, नऊ असा होता. ही तिची प्रगती म्हणून मी सत्राच्या मध्याच्या आढाव्यात नोंदवलेली होती.

पर्यायांचा विचार

यानंतर चार दिवसांत क्षेत्रकार्य समितीची बैठक झाली. समितीपुढे तीन पर्याय गांभीर्याने आले आणि प्रत्येकाच्या बाजूने बोलण्यासारखे खरोखर काही होते.

पहिला पर्याय शिस्तभंगाच्या कारवाईचा होता: क्षेत्रकार्यात अनुत्तीर्ण ठरवणे आणि पूर्ण सत्र पुन्हा करायला लावणे. समितीतील दोन सदस्य याच मताचे होते. त्यांचा मुद्दा असा की नोंद खोटी लिहिणे ही चूक कौशल्याची नसून सचोटीची आहे, आणि एका माणसाच्या उपचारांवर तिचा प्रत्यक्ष परिणाम झाला आहे. उद्या हीच विद्यार्थिनी बालसंरक्षणात काम करू लागली आणि न पाहिलेले मूल सुखरूप असल्याचे तिने लिहिले तर काय, हा त्यांचा प्रश्न होता. या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते.

दुसरा पर्याय संस्था बदलून देण्याचा. तो सर्वांना सोयीचा होता. र हिला अवघड वाटणाऱ्या घरापासून सुटका मिळाली असती, रुग्णालयाला कटकट उरली नसती आणि महाविद्यालयाला सत्र वेळेत संपवता आले असते. विभागातील मार्गदर्शकांनी याला ठाम विरोध केला. नव्या संस्थेत ती पुन्हा सुबक अहवाल लिहील आणि तिथे तिला ओळखणारे कोणी नसेल, असे त्यांचे म्हणणे होते.

तिसरा पर्याय त्याच विभागात क्षेत्रकार्य लांबवण्याचा होता: खोटे अहवाल आणि त्यांचे तास रद्द करायचे, फाईल दुरुस्त करायची, आणि ठरावीक मुदतीत ठरावीक गोष्टी प्रत्यक्ष पाहून मगच निकाल द्यायचा. मी याच्या बाजूने बोललो, पण माझ्या बोलण्याला एक वैगुण्य चिकटले होते आणि ते एका सहकाऱ्याने तिथेच दाखवून दिले. चार गुणांचा शेरा माझा होता. विद्यार्थिनीला सौम्य वागणूक द्यावी असे मी म्हणत होतो, तेव्हा मी काही अंशी स्वतःलाही वाचवत होतो. हे खरे होते, म्हणून पुढील चर्चेत मी माहिती दिली, मत दिले नाही.

चर्चेत दोन गोष्टींनी दिशा बदलली. एक म्हणजे शिकणाऱ्याच्या टप्प्यांचा विचार. बर्था रेनॉल्ड्स यांनी १९४२ साली समाजकार्य शिकणाऱ्याच्या वाटचालीचे पाच टप्पे मांडले आहेत: स्वतःविषयीची तीव्र, अवघडवून टाकणारी जाणीव, बुडू किंवा तरू अशी धडपड, परिस्थिती समजते पण स्वतःची कृती ताब्यात येत नाही अशी अवस्था, पुरेसे प्रभुत्व, आणि शेवटी दुसऱ्याला शिकवता येणे. र हिचे लेखी पेपर पाहिले तर ती तिसऱ्या टप्प्यावर होती. "तुम्ही कशाला येता?" या प्रश्नापुढे ती पहिल्याच टप्प्यावर उभी होती. काय बोलणे व्हायला हवे होते हे तिला इतके अचूक माहीत होते की न झालेली मुलाखत ती बिनचूक लिहू शकली. अशा विद्यार्थ्याकडे ज्ञान नसते असे म्हणता येत नाही, आणि सत्र पुन्हा करायला लावले तरी त्याला पुन्हा तेच ज्ञान मिळते.

दुसरी गोष्ट विभागातील मार्गदर्शकांनी मांडली. पत्नीने दारात "सगळं ठीक आहे" असे सांगितले, कारण आलेल्या मुलीला तेच ऐकायचे असावे असे तिला वाटले. र हिने मला "सगळे ठीक आहे" असे लिहून दिले, कारण मला तेच वाचायचे असावे असे तिला वाटले. मी सत्राच्या आढाव्यात "प्रगती समाधानकारक" लिहिले. मानसोपचार शिकवण्याच्या क्षेत्रात हॅरल्ड सर्ल्स यांनी १९५५ साली आणि रुडॉल्फ एकस्टाइन व रॉबर्ट वॉलरस्टाइन यांनी १९५८ साली या प्रकाराकडे लक्ष वेधले होते. सेवार्थी आणि कार्यकर्ता यांच्यातले नाते कार्यकर्ता आणि मार्गदर्शक यांच्यात नकळत उमटते, यालाच समांतर प्रक्रिया म्हणतात. ही संकल्पना मी दरवर्षी वर्गात शिकवतो.

मतदान झाले. तिसऱ्या पर्यायाला एका मताची आघाडी मिळाली. विरोधी मत नोंदवून घेण्यात आले.

प्रत्यक्ष कृती

सर्वप्रथम फाईल दुरुस्त झाली. जुनी नोंद खोडून टाकायची नाही, हे विभागातील मार्गदर्शकांनी स्पष्ट केले होते. तिच्यावर एक आडवी रेघ, शेजारी तारीख व सही, आणि खाली नवी नोंद: तिन्ही भेटींत रुग्णाशी प्रत्यक्ष बोलणे जवळजवळ झाले नाही, जखम पाहिलेली नाही, आधीचे विधान निरीक्षणावर आधारित नव्हते. ही नोंद र हिने स्वतःच्या हाताने लिहिली. माझ्या मते तिला झालेली खरी शिक्षा हीच होती, कारण ती फाईल विभागातील सगळे वाचतात.

या भेटींचे, प्रवासाचे आणि अहवाललेखनाचे मिळून ३८ तास रद्द झाले. क्षेत्रकार्य सहा आठवड्यांनी लांबले. तिघांच्या सह्यांचा लेखी करार झाला, त्यात तीन अटी होत्या. पहिली, पुढील तीन भेटी विभागातील मार्गदर्शकांच्या उपस्थितीत होतील. दुसरी, प्रक्रिया अहवालांना गुण दिले जाणार नाहीत. मूल्यमापन प्रत्यक्ष निरीक्षणावर आणि चर्चेवर होईल. तिसरी, प्रत्येक अहवालात "जिथे मला काय करावे ते कळले नाही" अशी निदान एक जागा दाखवावी लागेल. तिसरी अट माझी कल्पना होती आणि ती फसवी निघाली, त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

गुणांविषयीच्या अटीमागे एक साधा विचार होता. आल्फ्रेड कडुशिन यांनी १९७६ साली समाजकार्यातील पर्यवेक्षणाची, म्हणजे मार्गदर्शकाने करायच्या देखरेखीची, तीन कामे वेगळी करून दाखवली: प्रशासकीय, शैक्षणिक आणि आधार देण्याचे. आमच्या पद्धतीत या तिन्हींचा भार एकाच कागदावर पडत होता. ज्या कागदावर विद्यार्थ्याने आपली चूक दाखवायची, त्याच कागदावर त्याला गुण मिळणार होते, आणि त्याच कागदावर त्याने आपली भीतीही लिहावी अशी आमची अपेक्षा होती. इतका प्रामाणिक माणूस पदवीच्या वर्गात क्वचित आढळेल. मार्गदर्शकांतही तो फारसा आढळत नाही.

राहिला प्रश्न र हिने त्याच रुग्णाकडे पुन्हा जावे का, हा. विभागातील मार्गदर्शकांनी रुग्णाला विचारले. आधीच्या भेटींबाबत चुकीची नोंद झाली होती आणि ती आता दुरुस्त केली आहे, हेही त्याला सांगितले. तो म्हणाला, "येऊ दे तिला. पण प्रश्न विचारायचे नाहीत."

पुढची भेट २० मिनिटांची झाली. र बसून राहिली. रुग्णाने काही वेळाने बँडेजची पिन शोधायला सांगितली, ती तिने खुर्चीखालून काढून दिली. निघताना तिने सांगितले की त्या दिवशी "कशाला येता" याचे उत्तर तिला देता आले नव्हते, आणि आजही तिला ते नीट माहीत नाही. रुग्ण यावर काही बोलला नाही. अहवाल दीड पानाचा होता. डावा रकाना जवळजवळ रिकामा आणि मधला भरलेला, असा तिचा तो पहिलाच अहवाल.

परिणाम

सहा आठवड्यांनी र क्षेत्रकार्यात उत्तीर्ण झाली, श्रेणी सामान्य मिळाली. निकाल राखून ठेवल्यामुळे त्या वर्षी तिला पदव्युत्तर प्रवेशाचा अर्ज करता आला नाही. तिच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने लेखी तक्रार केली की दुसऱ्या कोणी उत्तरपत्रिकेत असे केले असते तर तो अनुत्तीर्ण झाला असता. समितीने त्याला निर्णयाची कारणे समजावून सांगितली. त्याचे समाधान झाले नाही, आणि त्याचा मुद्दा चुकीचा होता असे मला आजही म्हणवत नाही.

रुग्णाची टाचेवरची जखम वेळेत लक्षात आल्यामुळे भरून आली. नैराश्यावरचे उपचार सुरू झाले. कृत्रिम पाय घेण्यास त्याने आमचा संबंध संपेपर्यंत नकारच दिला. तो चाकाची खुर्ची वापरत होता आणि ड्रेसिंग स्वतः करू लागला होता. त्याची पत्नी शुश्रूषा करणाऱ्या नातेवाइकांच्या गटात दोनदा आली, नंतर आली नाही.

आणखी एक परिणाम अनपेक्षित होता. हे प्रकरण वर्गात कुठेही मांडलेले नसताना, सत्र संपताना दोन विद्यार्थी वेगवेगळ्या वेळी येऊन सांगून गेले की त्यांनीही काही संवाद "दुरुस्त" करून लिहिले होते. एकाने रुग्णाचे शब्द शुद्ध केले होते. दुसऱ्याने न झालेला समारोप जोडला होता.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधी तो चार गुणांचा शेरा. आठ मिनिटांच्या भेटीचा खरा अहवाल माझ्यापुढे होता आणि त्यात शिकवण्यासारखे सगळे होते: पाठ फिरवलेला माणूस, काय करावे ते न सुचलेली विद्यार्थिनी, आणि आठव्या मिनिटाला तिने उठण्याचा घेतलेला निर्णय. आठव्याच मिनिटाला का, सहाव्या किंवा बाराव्या मिनिटाला का नाही, एवढा एक प्रश्न उजव्या रकान्यात लिहिला असता तरी पुरे होते. मी तिच्या कृतीला गुण दिले, अहवालाला नाही. मुलाखत वाईट झाली म्हणून मुलाखतीचा उत्तम अहवाल नापास केला.

दुसरी गोष्ट वाचण्याची. त्या सत्रात माझ्याकडे १४ विद्यार्थी होते आणि आठवड्याला तितकेच अहवाल. एवढे अहवाल वाचताना डोळे संकल्पना शोधतात आणि त्या सापडल्या की पुढे सरकतात. पाचही अहवाल पुन्हा वाचले तेव्हा खुणा जागोजागी दिसल्या. रुग्ण पूर्ण वाक्यांत बोलत होता. कोणी कोणाला मध्येच तोडत नव्हते, पत्नी खोलीत येत-जात नव्हती, विषय भरकटत नव्हता. प्रत्येक भेट एखाद्या निर्णयावर संपत होती. चार पानांचा संवाद मी मोठ्याने वाचून पाहिला, तो अकरा मिनिटांत संपला. उरलेल्या ३९ मिनिटांचे काय झाले, हा प्रश्न अहवाल हातात आला त्याच दिवशी विचारता आला असता.

तिसरी गोष्ट विभागाच्या बाजूची आहे आणि ती तेथील मार्गदर्शकांनी स्वतःच मांडली. विद्यार्थिनीच्या एकट्या नोंदीवर रुग्णाची यादी बदलायला नको होती. आता तिथे विद्यार्थ्याच्या नोंदीवर कायम कर्मचाऱ्याची प्रतिस्वाक्षरी लागते आणि पाठपुरावा कमी करण्यापूर्वी रुग्णाशी किंवा घरच्यांशी थेट बोलणे होते. फाईलमधली नोंद आणि प्रक्रिया अहवाल यांतला फरकही आता पहिल्याच आठवड्यात उदाहरणे देऊन समजावला जातो. आम्ही तो सर्वांना माहीत असेल असे धरून चाललो होतो. र हिला दोन्ही लेखने महाविद्यालयासाठीच आहेत असे वाटत होते.

"जिथे मला काय करावे ते कळले नाही" या अटीचे मात्र काय झाले ते सांगायला हवे. तिसऱ्या-चौथ्या अहवालापर्यंत र आणि नंतर इतर विद्यार्थी ही जागा अगदी व्यवस्थित भरू लागले. गोंधळ नेमका, आटोपशीर आणि पुढच्या ओळीत सुटणारा असे. मागितलेली कबुलीही सुबक होते. आम्ही ती अट काढून टाकली. सत्रातील पहिल्या तीन अहवालांना गुण न देण्याचा आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या निदान एका भेटीला पहिल्या चार आठवड्यांतच उपस्थित राहण्याचा नियम ठेवला. गुण नसले की मुले अहवाल घाईने उरकतात, अशी दोन सहकाऱ्यांची तक्रार आहे आणि ती काही प्रमाणात खरी आहे.

एका निर्णयाबद्दल माझे मन अजून स्वच्छ नाही. र हिला पुन्हा त्याच घरी पाठवणे तिच्या शिक्षणाच्या दृष्टीने योग्य ठरले. परंतु रुग्णाने "येऊ दे तिला" म्हटले तेव्हा त्याचे उपचार, त्याची औषधे आणि त्याचा पाठपुरावा हे सारे त्याला विचारणाऱ्या विभागाच्याच हातात होते. मनोविकारतज्ज्ञांकडे जाऊन त्याला तेव्हा जेमतेम दोन आठवडे झाले होते. त्याला नाही म्हणणे कितपत सोपे होते, आणि विचारण्याचे काम विभागाबाहेरच्या कोणाकडे तरी द्यायला हवे होते का, हे आम्ही बैठकीत एकदाही बोललो नाही. विभागातील मार्गदर्शकांना मी हे नंतर विचारले. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "प्रश्न विचारायचे नाहीत, ही अट त्यांनी घातली ना, तेवढंच नाही म्हणणं त्यांना जमलं असेल."